राज्यावर उदक सोडले, दक्षिणा राहिली : हिंदी सिनेमा आणि सर्वस्वदानाची गोष्ट

#थ्रेड

३ मे १९१३. मुंबई, गिरगाव. कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रपटगृहात दिवे मालवले गेले आणि पांढऱ्या पडद्यावर एक राजा दिसू लागला. त्याला मुकुट होता, राणी होती, मुलगा होता. पुढच्या काही मिनिटांत तो यातले सारे काही देऊन टाकणार होता.

भारतीय चित्रपटाची सुरुवात ‘राजा हरिश्चंद्र’पासून झाली, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. पण ही सुरुवात कोणत्या कथेने झाली, याकडे आपण क्वचितच लक्ष देतो. ती प्रेमकथा नव्हती. युद्धकथाही नव्हती. अफाट संपत्ती हातावेगळी करणाऱ्या माणसाची ती कथा होती. पुढची शंभर वर्षे हिंदी सिनेमा पैशाविषयी जे काही बोलत आला, त्याचे बरेचसे व्याकरण या पहिल्या कथेतच ठरून गेले, असे मला वाटते. ते कसे, ते पाहू.

आधी कथा. मार्कंडेय पुराणातला हरिश्चंद्र शिकारीला जातो. रानात स्त्रियांचा आक्रोश ऐकून मदतीला धावतो आणि नकळत विश्वामित्रांच्या साधनेत विघ्न आणतो. ऋषी कोपतात. राजा त्यांना शांत करण्यासाठी दान देऊ करतो, आणि विश्वामित्र मागून मागून सारे राज्यच मागून घेतात. राजा राज्यावर उदक सोडतो.

इथे गोष्ट संपली असती तर ती केवळ औदार्याची गोष्ट झाली असती. पण शास्त्र असे की, दानाबरोबर दक्षिणा द्यावी लागते. आता दक्षिणा द्यायची कशातून? तिजोरी तर दानात गेली. म्हणजे जो क्षणापूर्वी सर्वांत मोठा दाता होता, तो त्याच दानामुळे ऋणको झाला. मग काशी. मग भर बाजारात पत्नी आणि मुलगा यांची विक्री, आणि शेवटी राजाने स्वतःला स्मशानातल्या चांडाळाच्या हाती विकणे.

दानातून कर्ज निर्माण होणे, हा या कथेचा खरा पेच आहे. दाता जितके देतो तितका तो अडकत जातो. अखेरीस देव प्रकटतात, मेलेला मुलगा जिवंत होतो, राज्य परत मिळते. ती सगळी परीक्षा होती, असे सांगितले जाते.

ही कथा विसाव्या शतकाच्या आरंभी किती परिचित होती याची कल्पना आज करणे अवघड आहे. पारशी रंगभूमीवर, गुजराती रंगभूमीवर, हिंदीत, गावोगावच्या खेळांत हरिश्चंद्र होता. राजकोटच्या एका शाळकरी मुलाने हे नाटक पाहिले आणि हरिश्चंद्रासारखे सत्यवादी सगळेच का होत नाहीत, या प्रश्नाने तो पछाडला गेला. त्या मुलाने पुढे आत्मचरित्रात ते लिहून ठेवले. तो मुलगा म्हणजे मोहनदास गांधी. श्रीमंतांनी स्वतःला आपल्या संपत्तीचे मालक न मानता विश्वस्त मानावे, हा त्यांचा पुढचा आग्रह सर्वांना माहीत आहे.

मूकपटाला अशीच कथा हवी होती. पात्रे बोलत नाहीत तेव्हा प्रेक्षकाला गोष्ट आधीच ठाऊक असावी लागते.

आता ज्याने ही कथा निवडली त्याच्याकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, मग छपाईचा धंदा. भागीदारांशी मतभेद झाले आणि तो धंदाही सुटला. चाळिशी उलटलेल्या, हाताशी स्थिर उत्पन्न नसलेल्या या गृहस्थाने गिरगावात एका तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांना पडद्यावर आणण्याचे वेड घेतले.

मराठीत ‘घरावर तुळशीपत्र ठेवणे’ असा वाक्प्रचार आहे. दान देताना वस्तूवर तुळशीचे पान ठेवून उदक सोडत. ते पान ठेवले की वस्तू आपली राहिली नाही. फाळक्यांनी अक्षरशः तेच केले. स्वतःच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते १९१२च्या आरंभी लंडनला गेले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन परतले. भांडवलदारांचा विश्वास बसावा म्हणून कुंडीत उगवणाऱ्या वाटाण्याच्या वेलाचे एकेक चित्र घेऊन त्यांनी एक छोटा चित्रपट करून दाखवला. तरीही पैसे पुरले नाहीत, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

सरस्वतीबाईंवर इथे क्षणभर थांबू या, कारण बहुतेक लेखांत त्या ‘दागिने देणारी पत्नी’ एवढ्या एका वाक्यात आटोपल्या जातात. दादरच्या त्या बंगल्यात चित्रण चालू असताना साऱ्या कंपनीचा स्वयंपाक त्या करीत होत्या. शिवाय फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामेही त्यांनी शिकून घेतली होती. तारामतीची भूमिका करायला मात्र एकही स्त्री तयार झाली नाही. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके यांना, पगारात वाढ देऊन, राणी करण्यात आले. रोहिताश्व झाला फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. म्हणजे पडद्यावर विकली जाणारी राणी हा एक आचारी होता, विकला जाणारा राजपुत्र दिग्दर्शकाचा मुलगा होता, आणि खरे दागिने गेले होते ते कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या बाईचे.

चित्रपट चालला. १९१७च्या ‘लंकादहन’ने तर एवढी नाणी आणली की ती बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आठवण सांगितली जाते. लोकमान्य टिळक, रतनजी टाटा अशी मंडळी फाळक्यांसाठी भांडवली कंपनी काढण्याच्या गोष्टी बोलू लागली होती. अखेर १९१८ साली मुंबईतल्या कापड व्यवसायातील धनिकांबरोबर भागीदारीत ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली. इथपासून सिनेमा हा एका घराचा वेडा खटाटोप न राहता पैशाचा धंदा झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हरिश्चंद्राच्या कथेत दान कोणाला मिळते?

विश्वामित्राला राज्याची गरज नव्हती. ते तपस्वी, राज्याचे काय करणार? म्हणजे घेणाऱ्याला जे नको होते ते देणाऱ्याने दिले. आणि ज्या अयोध्येचे दान झाले तिथल्या प्रजेला कोणी विचारले? पुराणात नगरजन रडत राजामागे जातात, एवढेच. या कथेत दान ही दात्याची परीक्षा असते. घेणारा निमित्तमात्र असतो. सारा कॅमेरा, सारी सहानुभूती, सारा प्रकाश दात्याच्या मुखावर असतो.

हिंदी चित्रपटाने वारशात घेतली ती नेमकी हीच चौकट. नायक पैसा लाथाडतो तेव्हा तो पैसा पुढे जातो कुठे, हा प्रश्न तुम्ही किती चित्रपटांत ऐकला आहे? नोटांनी भरलेली पेटी फेकली जाते, सही केलेला कोरा चेक फाडला जातो, टाळ्या पडतात. चौकट संपते.

थोडे विषयांतर. आमच्या कोपरहून धिमी लोकल पकडून दादरला पूर्वेकडे उतरलात, की काही मिनिटांच्या चालीवर दादासाहेब फाळके मार्ग आहे. याच परिसरात ते पहिले चित्रण झाले. याच रस्त्यावर पुढे चंदुलाल शहांचा रणजीत स्टुडिओ उभा राहिला. एका काळी देशातल्या सर्वांत मोठ्या चित्रसंस्थांपैकी ती एक होती. शहांनी मिळवलेली संपत्ती कापसाच्या सट्ट्यात आणि घोड्यांच्या शर्यतींत गेली. सिनेमावाल्यांची संपत्ती जाण्याच्या वाटा पाहिल्या तर दानाची वाट फार अरुंद दिसते, सट्ट्याची चांगली रुंद. भगवानदादांचा ‘अलबेला’ १९५१ साली तुफान चालला. आयुष्याच्या अखेरीस ते पुन्हा दादरच्या चाळीत होते. देऊन टाकणे आणि निसटून जाणे यांत फरक आहे, आणि आपल्या आठवणींत हे दोन्ही फार लवकर एक होतात.

परत हरिश्चंद्राकडे. बोलपट आले आणि पहिला मराठी बोलपट करायची वेळ आली, तेव्हा कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने कोणती कथा निवडली? पुन्हा हीच! १९३२चा ‘अयोध्येचा राजा’, दिग्दर्शक व्ही. शांताराम. तो मराठीत आणि हिंदीत अशा दोन्ही भाषांत चित्रित झाला. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे. एकोणीस वर्षांपूर्वी कोणतीही बाई जी भूमिका घ्यायला तयार नव्हती, ती आता मुंबईच्या एका प्रतिष्ठित, सुशिक्षित घरातली तरुणी करीत होती. कथा तीच, पण बाजारात उभी केलेली राणी आता स्वतःच्या आवाजात बोलत होती, आणि त्याने बराच फरक पडला. ‘अयोध्येचा राजा’तला लिलाव पाहताना प्रेक्षकाचे लक्ष राजाच्या सत्त्वावर कमी आणि राणीच्या हालांवर अधिक जाते.

सत्त्व राजाचे, किंमत राणीची. हे प्रभातने तोंडाने म्हटले नाही. पण चार वर्षांनी त्यांनी जो चित्रपट केला, त्यात ते जवळजवळ उघडपणे आले.

‘संत तुकाराम’, १९३६. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकाराम विष्णुपंत पागनीस, जिजाई गौरी. हा चित्रपट एका चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याची भाषा मराठी. पण हिंदी सिनेमाच्या संतपटांनी आणि त्यागी नायकांनी त्याच्याकडून खूप घेतले, म्हणून त्याला या थ्रेडमध्ये जागा.

या चित्रपटात शिवाजी महाराजांकडून तुकोबांच्या घरी नजराणा येतो आणि तुकोबा तो परत करतात. परंपरेतली ही प्रसिद्ध कथा. पण पडद्यावर मजा आणते ती जिजाई. घरात दाणा नाही, मूल आजारी, आणि नवरा आलेले धन परत पाठवतो! गौरीबाई प्रभातमध्ये अगदी साध्या कामापासून वर आलेल्या; त्यांनी उभी केलेली जिजाई पाहताना प्रेक्षक एकाच वेळी तुकोबांना नमस्कार करतो आणि जिजाईची बाजू घेतो. तारामती मुकाट्याने विकली गेली होती. जिजाई भांडते. दात्याच्या घरातल्या माणसांना या सिनेमाने प्रथम आवाज दिला, असे म्हणायला हरकत नाही.

तुकोबांच्या दानाची खरी कथा मात्र नजराण्याची नव्हे. ती आहे कर्जखतांची.

तुकोबांच्या घराण्याकडे देहूची महाजनकी होती. वाण्याचा धंदा, सावकारी. शके १५५१-५२च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ आला, गुरे मेली, माणसे मेली, तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे महिपतीबुवांनी अठराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रात प्रसंग येतो तो असा : लोकांकडून येणे असलेल्या पैशांची खते तुकोबांनी बाहेर काढली आणि इंद्रायणीत बुडवायला निघाले. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही साधू झालात, मला प्रपंच करायचा आहे. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. निम्मी भावाला दिली. आपली निम्मी नदीत सोडली.

हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. एक तर, इथे दाता दुसऱ्याच्या वाट्याचे दान करीत नाही. हरिश्चंद्राने बायकोमुलांसकट सारे पणाला लावले. तुकोबांनी भावाचा हिस्सा बाजूला काढला. दुसरे असे की, हरिश्चंद्राच्या दानातून कर्ज जन्मले, तुकोबांच्या दानात कर्ज बुडाले. त्या खतांवर ज्यांची नावे होती ती माणसे खरी होती. देहूची आणि पंचक्रोशीची कुणबी, कारागीर माणसे. दुष्काळातून वर आलेल्या त्या घरांना नदीत पडलेल्या एकेका कागदाचा अर्थ नेमका ठाऊक होता.

पण हिंदी सिनेमाने अनुकरण कोणाचे केले? बहुतांशी हरिश्चंद्राचे. पडद्यावर देण्याचा प्रसंग देणाऱ्याच्या चेहऱ्यावर चित्रित करणे सोपे असते. बुडालेली खते कॅमेऱ्यात पकडायला अवघड.

स्वातंत्र्यानंतर हा विषय पुन्हा तापला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबा भाव्यांनी तिथल्या दलित कुटुंबांना विचारले, तुम्हाला काय हवे? चाळीस कुटुंबांसाठी ऐंशी एकर जमीन, असे उत्तर आले. सभेत रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. कुलाबा जिल्ह्यातल्या गागोदे गावी जन्मलेल्या या मराठी माणसाने पुढे वर्षानुवर्षे देशभर पायी फिरून जमीन मागितली, आणि १९५२पासून जमिनीबरोबर ‘संपत्तिदान’ही मागितले.

पोचमपल्लीतला क्रम नीट पाहा. आधी घेणारे बोलले, आकडा त्यांनी सांगितला, मग दाता उभा राहिला. अयोध्येत घडले त्याच्या नेमके उलट. भूदानात पुढे चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन जाहीर झाली, आणि तिच्यातला मोठा भाग खडकाळ, वादग्रस्त किंवा कागदावरच राहिलेला निघाला, हेही खरे. दान जाहीर करणे आणि दान पोहोचणे यांच्यामध्ये तलाठ्याचे दप्तर असते.

याच वर्षांत पडद्यावर काय चालले होते? १९५३च्या ‘दो बिघा जमीन’मध्ये शंभू महतो आपले कर्ज ६५ रुपये समजून चालतो आणि जमीनदाराच्या वहीत ते २३५ निघतात. तिथे दाता कोणी नाहीच; आहे फक्त खत. १९५५च्या ‘श्री ४२०’मध्ये खलनायकाचे नावच सेठ सोनाचंद धर्मानंद. सोने आणि धर्म एकाच नावात! चौपाटीच्या सभेत देशभक्तीवर बोलणारा हा शेठ गरिबांना शंभर रुपयांत घर देण्याच्या योजनेत त्यांचे पैसे उकळतो. लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी इथे दानशूरपणाचा मुखवटाच ओढून काढला. आणि १९५७च्या ‘प्यासा’चा नायक, जग आपल्या पायाशी कीर्ती आणि पैसा घेऊन आलेले असताना, आपण तो माणूसच नाही असे जाहीर करतो.

पन्नाशीच्या दशकातले हे तीन चित्रपट मला हिंदी सिनेमातले पैशाविषयीचे सर्वांत प्रामाणिक चिंतन वाटतात. नंतर त्यागाचा प्रसंग हळूहळू सवयीचा झाला.

इतका की १९८८ साली त्याचे विडंबनही आले. ‘मालामाल’मध्ये नसिरुद्दीन शाहच्या नायकाला तीस दिवसांत तीस कोटी उडवायचे असतात, जमले तर तीनशे कोटी मिळणार. ही कल्पना मूळची १९०२ सालच्या ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ या अमेरिकन कादंबरीची. तिथूनच पुढे ‘अरुणाचलम’ हा तमिळ चित्रपट आला, ज्याचा नायक बेंगळुरूच्या गायकवाडांच्या घरात जन्मलेला शिवाजीराव, म्हणजे रजनीकांत. हरिश्चंद्राला राज्य परत मिळते ते परीक्षेचे फळ म्हणून. ब्रूस्टरला मिळते ते करारातली अट म्हणून. फरक फारसा नाही. दोन्हीकडे रिकामे होणाऱ्याला शेवटी अधिक मिळतेच.

पडद्याबाहेर मात्र शेवट लिहिलेला नसतो. तिथे काय झाले ते पाहणे अधिक उद्बोधक आहे.

कलावंतांनी जनकार्यासाठी पैसा उभा करण्याची आपल्याकडची रीत सिनेमाहून जुनी, रंगभूमीची. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नटसम्राटांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले. त्या रात्रीच्या आख्यायिका आजही सांगितल्या जातात. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले.

हीच रीत सिनेमाने उचलली. २७ जानेवारी १९६३. चीनशी झालेल्या युद्धाला जेमतेम दोन महिने उलटले होते. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर, पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत, लता मंगेशकरांनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायले. संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. शब्द कवी प्रदीप यांचे. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आले, हे सर्वांना ठाऊक आहे.

कमी ठाऊक आहे ते पुढचे. प्रदीप यांनी या गीताचे मानधन, म्हणजे त्याची रॉयल्टी, युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या निधीला देऊन टाकली होती. गीत दर प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्यदिनी देशभर वाजत राहिले. ध्वनिमुद्रिका विकल्या गेल्या. पण दान केलेला पैसा ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत जात नव्हता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००५ साली न्यायालयाने ध्वनिमुद्रण कंपनीला दहा लाख रुपये त्या निधीत भरण्याचा आदेश दिला. तोवर प्रदीप यांना जाऊन जवळजवळ सात वर्षे झाली होती.

हरिश्चंद्राच्या कथेत दान देऊनही दक्षिणा राहिली होती. इथे दान देऊनही ते पोहोचायचे राहिले होते. बेचाळीस वर्षे.

याच्या उलट १९८३. भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि नियामक मंडळाकडे खेळाडूंना बक्षीस द्यायला पुरेसा पैसा नव्हता. (आजच्या मुलांना हे वाक्य दोनदा वाचावे लागेल.) राजसिंह डुंगरपूर यांनी लताबाईंना गळ घातली. दिल्लीत कार्यक्रम झाला, वीस लाख रुपये जमले, प्रत्येक खेळाडूला एक लाख मिळाले. लताबाईंनी मानधन घेतले नाही. हे दान यशस्वी का झाले? घेणारी माणसे मोजकी, ओळखीची आणि नावानिशी ठाऊक होती. रक्कम ठरलेली होती. मध्ये दप्तर नव्हते.

२०१५च्या मराठवाड्यातल्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नींच्या हाती धनादेश द्यायला सुरुवात केली, आणि त्यातून ‘नाम फाउंडेशन’ उभे राहिले. त्या घरांवरही खतेच होती. बँकेची आणि सावकाराची. मुरूड-जंजिऱ्यात जन्मलेला, हिंदी पडद्यावर गाजलेला नट आणि मराठी विनोदी नट यांनी निवडलेली ही वाट अयोध्येपेक्षा देहूच्या अधिक जवळची आहे.

आणि ज्याच्यापासून हे सारे सुरू झाले त्या फाळक्यांचे काय झाले?

भागीदारांशी पटेना म्हणून १९१९-२०च्या सुमारास ते काशीला निघून गेले. होय, काशीलाच, हरिश्चंद्र जिथे विकला गेला तिथे. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. पुढे परतले, पुन्हा चित्रपट केले. बोलपट आले आणि त्यांची कला मागे पडली. १९३७चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट, आणि एकमेव बोलपट. हाती पैसा राहिला नाही.

भारतीय सिनेमाच्या पंचवीस वर्षांचा सोहळा मुंबईत झाला तेव्हा फाळक्यांनाही बोलावणे होते. सोहळ्याच्या अग्रभागी होते चंदुलाल शहा. मागे कुठेतरी साध्या कपड्यांतले फाळके. शांतारामांनी त्यांना ओळखले, मानाने पुढे आणले आणि उपस्थित निर्मात्यांना आवाहन केले : या माणसासाठी आपण सारे मिळून एक घर बांधून देऊ या.

तोवर या उद्योगात लाखोंची उलाढाल होत होती. वर्गणी जमली, पण घराला पुरेल एवढी नाही. उरलेली भर शांतारामांनी प्रभातच्या पैशातून घातली. नाशिकला गोळे कॉलनीत एक जुना बंगला मिळाला. फाळक्यांनी त्याचे नाव ठेवले ‘हिंद सिने जन्माश्रम’. तिथे ते फार दिवस राहिले नाहीत. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला आणखी पंचवीस वर्षे लागायची होती.

‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ लांबी चार रिळांची. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे गोळा केले त्यांत या चित्रपटाची पहिली आणि शेवटची रिळे मिळाली. काही अभ्यासकांच्या मते तीही १९१३ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत. पहिल्या रिळात राजा कुटुंबासह सुखात आहे, शिकारीला निघतो आहे. शेवटच्या रिळात देव प्रकटतो आणि गेलेले परत मिळते. मधली दोन रिळे उपलब्ध नाहीत.